मुतखड्याची कळ: आधी कोणतं औषध द्यायला हवं?

पिंपळपान

गेल्या चार महिन्यांत माझ्या नवऱ्याला मुतखड्याची कळ दोनदा आली. दोन्ही वेळा मी सोबत होते आणि दोन्ही वेळा त्याला वेगवेगळी औषधं मिळाली. त्यातला फरक डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढते आहे.

पहिली कळ पहाटे तीनला. उजव्या बरगड्यांखाली पाठीत अवघडल्यासारखं वाटतंय म्हणून तो उठला आणि अर्ध्या तासात जमिनीवर होता. झोपवेना, बसवेना, उभं राहवेना. गुडघ्यांवर बसून भिंतीला कपाळ टेकवून डोलत राहायचा, मधेच उठून येरझाऱ्या घालायचा, पुन्हा खाली. कळ कुशीतून जांघेत उतरत होती. घरात डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी होती ती दिली, पाच मिनिटांत उलटून पडली. मग पॅरासिटामॉल दिली, तीही गेली.

रुग्णालयात गेल्यावर 'आतला पेटका सोडवणारं' एक इंजेक्शन, ॲसिडिटीचं एक आणि सलाइन. चाळीस मिनिटं झाली तरी तो कॉटची लोखंडी कड धरूनच होता, बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी तीनदा जाऊन सांगितलं, तीनदा एकच उत्तर मिळालं, 'थोडा वेळ लागतो.' मग पाळी बदलली. नव्या डॉक्टर बाईंनी आल्या आल्या विचारलं: दमा आहे का, पोटात कधी अल्सर झाला होता का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, किडनीचा किंवा हृदयाचा जुना आजार आहे का. सगळ्याला नाही म्हटल्यावर डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅम स्नायूत दिलं. पंचवीस मिनिटांनी तो कुशीवर वळून झोपला होता. मी बाहेर बाकावर बसून रडले.

दुसऱ्या वेळी आम्ही दुसरीकडे होतो. मीच हात जोडून म्हटलं की जे सगळ्यात जोरदार असेल ते द्या. ट्रॅमाडॉल दिलं. कळ थोडी बोथट झाली, पण उलट्या वाढल्या आणि दिवसभर त्याला गरगरत होतं.

मला समजून घ्यायचं आहे. जोरदार औषधाने कमी आराम आणि साध्या औषधाने जास्त, हे कसं? आणि ती पहिली चाळीस मिनिटं वाया गेली का?

---

कानोसा

पिंपळपान, मी तातडीच्या विभागात काम करतो. तुम्ही वर्णन केलेली येरझारा घालणारी माणसं आठवड्यातून दोन-तीन तरी येतात. पोटात आतडं फुटलेला रुग्ण हलायला घाबरतो, निपचित पडून राहतो. मुतखड्याचा रुग्ण एका जागी राहूच शकत नाही. दारातून आत येतानाच निदानाचा अंदाज येतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुखणं कुठून येतं यात आहे. बहुतेकांना वाटतं की खडा टोकदार असतो, तो ओरखडत जातो म्हणून दुखतं. ओरखडे येतात, लघवीत रक्तही दिसतं, पण ती कळ मुख्यतः तुंबण्याची असते. खडा मूत्रवाहिनीत अडकला की वरची लघवी मागे दाटते, किडनीच्या आतला दाब वाढतो आणि तिच्यावरचं आवरण ताणलं जातं. या ताणाला उत्तर म्हणून किडनी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सोडते. त्यांनी किडनीकडे येणारी रक्तवाहिनी रुंदावते, रक्त जास्त येतं, लघवी आणखी तयार होते, दाब आणखी वाढतो. शिवाय खड्याभोवती सूज येते आणि मूत्रवाहिनीचा स्नायू आवळतो. म्हणजे अडथळा आधीच आहे आणि शरीर वरून पाणी सोडतंय.

डायक्लोफेनॅक, किटोरोलॅक, आयबुप्रोफेन, इंडोमेथॅसिन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच थांबवतात. ॲस्पिरिनच्या जातीची औषधं याच मार्गाने काम करतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, त्यासाठी १९८२ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. या कळेत त्याचा अर्थ असा की लघवी तयार होण्याचा वेग उतरतो, दाब उतरतो, सूज आणि आवळणं कमी होतं. ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन मेंदूपर्यंत जाणारी वेदना दडपतात, दाबाला हात लावत नाहीत. म्हणून 'जोरदार' हा शब्द इथे फसवतो.

आणि हो, त्या चाळीस मिनिटांबद्दल तुमचा राग रास्त आहे. वेदना दहापैकी नऊ असताना नुसत्या पेटक्याच्या इंजेक्शनवर माणसाला ठेवू नये.

---

तळटीप

या विषयावर जे अभ्यास आहेत त्यातला मोठा २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. कतारमधल्या दोहाच्या तातडीच्या विभागात १,६४५ रुग्णांवर केलेला. तीन गट: स्नायूत डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅम, शिरेतून पॅरासिटामॉल १ ग्रॅम, शिरेतून मॉर्फिन वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिग्रॅम. अर्ध्या तासात वेदना निम्म्यावर आलेले रुग्ण अनुक्रमे ६८, ६६ आणि ६१ टक्के.

या आकड्यांत मला सगळ्यात बोलका वाटतो तो मधला. पॅरासिटामॉल! तापाची म्हणून आपण जिला किरकोळ समजतो ती, शिरेतून दिल्यावर मॉर्फिनच्या मागे राहिली नाही. त्रासही मॉर्फिनच्या गटात जास्त झाला. वरचं आणखी एखादं औषध द्यावं लागण्याची वेळ डायक्लोफेनॅकच्या गटात कमी आली.

त्याआधी २००४ मध्ये कॉक्रेन या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यातही अफूवर्गीय (मॉर्फिनच्या जातीच्या) औषधांनी, त्यातही पेथिडीनने, उलट्या जास्त होतात असंच दिसलं होतं.

---

नादब्रह्म

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो मांडायलाच हवा. मला तीनदा कळ आली. तिन्ही वेळा पेटक्याच्या इंजेक्शननेच, म्हणजे ड्रोटाव्हेरिनने, आराम पडला. एकदा तर सुई काढल्या काढल्या मोकळं वाटलं. सगळ्यांना ते निरुपयोगी असं कसं म्हणता?

---

कानोसा

नादब्रह्म, तुम्हाला आराम पडला यात मला शंका नाही. पण ही कळ लाटांनी येते. चढते, टोकाला जाते, उतरते. माणूस रुग्णालयात पोचतो तो टोकावर असताना, आणि तिथून ती पुष्कळदा थोडी उतरतेच. त्या क्षणी जे दिलं असेल त्याच्या नावावर तो उतार जमा होतो. सुई काढल्या काढल्या आराम पडला असं तुम्ही लिहिलंत, तर स्नायूत दिलेलं कुठलंच औषध इतक्या झटपट पोचत नाही.

हायोसिन ब्युटिलब्रोमाइड या पेटक्याच्या औषधाची अशी परीक्षा झाली आहे. नेहमीच्या वेदनाशामकाला त्याची जोड देऊन पाहिली, तर जोडीने आराम वाढला नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत मुतखड्याच्या कळेला ही पेटक्याची औषधं देऊच नका असं लिहिलं आहे. त्यांचा क्रम असा: आधी डायक्लोफेनॅकच्या वर्गातलं औषध, ते चालणार नसेल किंवा पुरलं नाही तर शिरेतून पॅरासिटामॉल, आणि दोन्हीने भागलं नाही तर अफूवर्गीय.

ड्रोटाव्हेरिन वेगळ्या कुळातलं औषध आहे, ते काहीच करत नाही असा दावा मी करणार नाही. माझा आक्षेप ते एकट्याने देण्याला आहे. सोबत द्यायचं तर द्या, पण त्याच्यासाठी मुख्य औषध थांबवू नका.

---

नादब्रह्म

हे लाटांचं लक्षात आलं नव्हतं. एकदा रुग्णालयाच्या दारातच कळ ओसरली होती आणि मी आत न जाता परत फिरलो होतो. तासाभरात पुन्हा आली, आधीपेक्षा वाईट.

---

औषधवाट

मी औषधनिर्माता आहे. खिडकीपलीकडे वेदनेने वाकलेला माणूस 'काहीतरी द्या' म्हणत उभा असतो, तेव्हा त्याला चार प्रश्न विचारणं निर्दयपणाचं वाटतं. तरी ते विचारावेच लागतात, आणि पिंपळपान यांच्या त्या डॉक्टर बाईंनी नेमके तेच विचारले.

डायक्लोफेनॅक आणि किटोरोलॅक लघवीचा दाब उतरवतात ते किडनीचा रक्तपुरवठा कमी करून. धडधाकट किडनीला दोन-चार दिवस हे सोसतं. पण क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का हे सांगणारी रक्ततपासणी) आधीच वाढलेलं असेल, किडनी एकच असेल, उलट्यांनी अंगातलं पाणी आटलं असेल, तर हेच औषध किडनीला खाली बसवू शकतं. रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर किंवा सार्टन गटातली गोळी आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर त्यात हे तिसरं मिसळलं की धोका आणखी वाढतो. आपली रक्तदाबाची गोळी कुठल्या गटातली आहे हे बहुतेकांना ठाऊकच नसतं, म्हणून गोळ्यांची पट्टी सोबत न्यावी.

अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, हृदय कमजोर असणं, ॲस्पिरिनसारख्या गोळीने पूर्वी दमा उसळलेला: यातलं काहीही असेल तर ते सुई टोचायच्या आधी मोठ्याने सांगा. विचारलं नाही तरी सांगा.

अजून एक चूक मी फार वेळा पाहतो. घरून डायक्लोफेनॅक घेऊन निघायचं, वाटेत आयबुप्रोफेन आणि रुग्णालयात किटोरोलॅक. ही तिन्ही एकाच घरातली. एकाने भागलं नाही म्हणून दुसरं घेतलं तर आराम दुप्पट होत नाही, पोट आणि किडनी मात्र दुप्पट भरडतात. जोड द्यायचीच तर पॅरासिटामॉलची, कारण त्याची वाट वेगळी आहे. तेही मोठ्या माणसाला दिवसात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि यकृताचा आजार असेल किंवा वजन कमी असेल तर त्याहून कमी.

किटोरोलॅक पाच दिवसांपेक्षा जास्त घ्यायचं नसतं. आणि त्याला एक छत असतं, म्हणजे एका मात्रेपुढे आराम वाढत नाही. तातडीच्या विभागातल्या वेगवेगळ्या तीव्र वेदनांवर १०, १५ आणि ३० मिलिग्रॅम शिरेतून देऊन पाहिलं, आराम सारखाच निघाला.

---

रानफूल

गरोदर बाईने काय करायचं? मला सातव्या महिन्यात कळ आली होती. डायक्लोफेनॅक नाही म्हणाले, मला वाटलं मला तसंच तळमळत ठेवणार.

---

कानोसा

रानफूल ताई, नाही म्हणाले ते बरोबरच होतं. शेवटच्या तीन महिन्यांत या वर्गातल्या औषधांनी बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. ती जन्मानंतर बंद व्हायची असते. शिवाय गर्भजल कमी होतं, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये विसाव्या आठवड्यापासूनच ही औषधं टाळायला सांगितलं. पण म्हणून कोणी तळमळत राहावं असं नाही. पॅरासिटामॉल शिरेतून देता येतं, आणि गरज पडली तर रुग्णालयात देखरेखीखाली थोडं मॉर्फिनही. तुम्हाला काय दिलं होतं?

---

रानफूल

पॅरासिटामॉलची बाटली, सलाइनसारखी, पंधरा मिनिटांत गेली. शेकायला गरम पिशवी कमरेला दिली. तासाभरात बरीच उतरली. बाळ आता दीड वर्षाचं आहे. नर्स ताईंनी पिशवी दर दहा मिनिटांनी हात लावून पाहिली, चटका बसू नये म्हणून. ते विसरता येत नाही.

---

तळटीप

शेकण्याला कमी समजू नये. कुशीला आणि कमरेला ऊब दिल्याने कळ आणि मळमळ कमी होते हे रुग्णवाहिकेतल्या रुग्णांवरही दिसून आलं आहे. औषधाऐवजी नव्हे, औषधासोबत.

उलट 'भरपूर पाणी पी, खडा ढकलला जाईल' हा सल्ला मात्र कळेच्या ऐन वेळी घातक नसला तरी उपयोगाचा नाही. कानोसा यांनी सांगितलेलं तुंबणं आठवा. अडकलेल्या नळीत वरून आणखी पाणी ओतलं तर दाबच वाढेल. तहानेपुरतं प्यावं, उलट्यांनी गेलेलं भरून काढावं. पाणी वाढवायचं ते कळ गेल्यावर, पुन्हा खडा होऊ नये म्हणून.

---

चांदणवेल

मला टॅमसुलोसिन दिलं होतं, रोज रात्री ०.४ मिलिग्रॅम. ते वेदनाशामक आहे असं समजून मी कळ आली की एक जास्तीची घ्यायचे. दोनदा उठताना डोळ्यांपुढे अंधार आला.

---

औषधवाट

चांदणवेल ताई, जास्तीची गोळी कृपया पुन्हा घेऊ नका. टॅमसुलोसिन मूत्रवाहिनीचा खालचा भाग सैल करतं, खडा सरकायला वाट मिळावी म्हणून. चालू कळेवर त्याचा उपयोग नाही आणि रक्तदाब उतरून माणूस पडू शकतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीबद्दल आधी सांगायचं, कारण ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा पडदा लुळा पडू शकतो.

---

तळटीप

खडा सरकण्यासाठी तरी ते किती उपयोगी, यावर मतं एक नाहीत. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आलेल्या ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत टॅमसुलोसिन, निफेडिपिन आणि नुसती खोटी गोळी यांत फरक दिसला नाही. खडा ५ ते १० मिलिमीटरचा आणि मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी असेल तर काही अभ्यासांत फायदा दिसतो. ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे शंभरात साधारण ६८ जणांचे आपोआप पडतात, ५ ते १० चे ४७ जणांचे, असा एका मोठ्या एकत्रित आढाव्याचा अंदाज आहे. छोट्या खड्याला या गोळीने फार काही वाढवायला उरतच नाही.

---

जुनीवाट

मी आतापर्यंत फक्त वाचत होतो, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो.

माझ्या वडिलांना खड्याचा जुना त्रास. मागच्या वर्षी कळ आली, घरी पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक दिलं. दुखणं कमी झालं, आम्ही निश्चिंत झालो. संध्याकाळी ते अंथरुणात थडथडत होते, दात वाजत होते. ताप मोजला तर १००, फार नाही. मला वाटलं थंडी बाधली. रात्री त्यांना दोनदा नाव विचारलं, दुसऱ्या वेळी सांगता आलं नाही. तेव्हा उचलून नेलं. रक्तदाब वरचा ८०. तुंबलेल्या किडनीत पू झाला होता. त्याच रात्री आत नळी टाकून पू वाहू दिला, प्रतिजैविकं सुरू केली, चार दिवस अतिदक्षता विभागात होते. वाचले.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही औषधांनी ताप दाबला होता. थडथडणं हीच खूण होती आणि ती मी डोळ्यांनी पाहत होतो.

---

कानोसा

जुनीवाट, वडील वाचले हे वाचून बरं वाटलं. तुम्ही दोष घेऊ नका, ती खूण भल्याभल्यांच्या हातून सुटते.

सगळ्यांनी हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. वेदनाशामक देण्याआधी ताप मोजा आणि आकडा लिहून ठेवा. ताप किंवा हुडहुडी असेल, लघवी पूर्ण बंद असेल, किडनी एकच असेल, तर कोणतं वेदनाशामक चांगलं हा प्रश्न मागे पडतो. तिथे आधी तुंबलेली वाट मोकळी करावी लागते, लघवीच्या वाटेने डीजे स्टेंट नावाची बारीक नळी टाकून किंवा पाठीतून किडनीत नळी घालून. खडा नंतर काढता येतो.

आणि साठीच्या पुढच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली, तर ती मुतखड्याचीच असं धरून चालू नका. पोटातली महाधमनी फुगून फुटायला आली तरी कुशीत असंच दुखतं. सोनोग्राफी केल्याशिवाय घरी पाठवू नका असं मी माझ्या हाताखालच्या डॉक्टरांना दर महिन्याला सांगतो.

---

चांदणवेल

मॉर्फिन मग कधीच नको का? माझ्या बहिणीला दिलं होतं, आणि त्यानेच तिची सुटका झाली.

---

कानोसा

कधीच नको असं अजिबात नाही. डायक्लोफेनॅक चालत नाही आणि पॅरासिटामॉल पुरलं नाही अशी माणसं रोज येतात, त्यांना मॉर्फिन नाकारणं हा छळ आहे. शिरेतून थोडं थोडं, दर काही मिनिटांनी वेदना विचारत, उलटीचं औषध जोडीला ठेवून द्यावं. किडनी आधीच अधू असेल तर मॉर्फिनचे अवशेष अंगात साठतात, तिथे मी फेंटानिल या दुसऱ्या अफूवर्गीय औषधाकडे वळतो. पेथिडीन मात्र मी या कळेला वापरत नाही. उलट्या फार, आणि शरीरात त्यापासून बनणारं नॉरपेथिडीन साठलं तर झटके येऊ शकतात. ट्रॅमाडॉलनेही झटके येऊ शकतात. फिट येणाऱ्यांनी आणि नैराश्याच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते सांगायलाच हवं.

---

पिंपळपान

तीन दिवसांत इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. जुनीवाट, तुमचं लिहिणं मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

आज आम्ही दोघांनी बसून एक कागद केला. त्याचं वजन, शेवटचं क्रिएटिनिन आणि त्याची तारीख, दमा नाही, अल्सर नाही, रक्तदाबाची गोळी सार्टन गटातली (ही पट्टी पाहिल्यावर कळलं, आम्हालाही माहीत नव्हतं). खाली मागच्या दोन वेळी काय दिलं, किती वाजता आणि किती मिनिटांनी उतरलं. कागद त्याच्या पाकिटात आणि फोटो माझ्या फोनमध्ये. थर्मामीटर पलंगाशेजारच्या खणात.

एकच राहिलं. घरी गोळी उलटून पडते त्याला काय करायचं? तो रुग्णालयात पोचेपर्यंतचा अर्धा तास सगळ्यात वाईट असतो.

---

औषधवाट

गुदमार्गे ठेवायची डायक्लोफेनॅकची सपोझिटरी मिळते, १०० मिलिग्रॅमची. पोटातून जात नाही, त्यामुळे उलटीने वाया जात नाही. सार्टन चालू आहे तर उलट्यांनी पाणी आटलेलं असताना ती घ्यावी की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्या. आणि ठेवली तर वेळही लिहा, म्हणजे रुग्णालयात त्याच वर्गातलं पुन्हा दिलं जाणार नाही.

---

पिंपळपान

उद्या साडेदहाची वेळ मिळाली आहे. कागद घेऊनच जातो.